‘थोडं टेन्शन आहे’ म्हणणाऱ्यांसाठी: ताणाचं गाठोडं सोडायचं कसं

नोकरीला लागून सहा महिने झाले होते. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात मी होतो, राहायला फोंड्याला. बोरी पुलावरून रोज बाइकने ये-जा. एके सकाळी पार्किंगमध्ये गाडी लावली आणि हेल्मेट न काढता तसाच गाडीवर बसून राहिलो. काचेवर आतून वाफ धरत होती. पंचिंगला सात मिनिटं उरली होती आणि पाय हलत नव्हते. आदल्या दिवशी भांडण झालं नव्हतं, घरीही सगळं ठीक होतं. शेजारी गाडी लावणाऱ्याने विचारलं, "काय रे, बरं नाही काय?" मी म्हणालो, "काही नाही, थोडं टेन्शन."

हे आपलं हुकमी उत्तर. त्यात कामाचा लोड, साहेबाचा आवाज, गाडीचा हप्ता, बहिणीचं लग्न, पुलावरचा ट्रॅफिक, सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. गाठोडं उचलवत नाही आणि आत नेमकं काय आहे ते आपल्यालाही धड ठाऊक नसतं. ते खाली ठेवून गाठ कशी सोडायची, एवढाच या लेखाचा विषय. मी डॉक्टर नाही. बारा वर्षं शिफ्टमध्ये काढलेला माणूस आहे, आणि नवीन लागलेल्या मुलामुलींना कँटीनमध्ये जे तोंडी सांगतो तेच इथे लिहून काढतोय.

गोव्यात एक जास्तीची अडचण आहे, ती म्हणजे ‘सुशेगाद’. पोर्तुगीज ‘सोसेगादो’ म्हणजे निवांत, शांत, त्यावरून आलेला हा शब्द. बाहेरच्यांना वाटतं इथे कुणाला ताण म्हणून नसतोच. सावंतवाडी-बांद्याहून इथे कामाला आलेल्या मुलाला गावातले मित्र विचारतात, "तुला कसलं टेन्शन, तू तर गोव्यात!" तो बिचारा आठ जणांच्या खोलीत राहून हॉटेलात ब्रेकफास्टची ड्युटी करत असतो. पहाटे साडेचारला उठून. आणि ज्यांच्या दारात ट्रक उभे होते, त्या डिचोली-सांग्याकडच्या घरांना २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा सुशेगादपणा कुठे होता, हे त्यांनाच विचारावं. बँकेचे हप्ते काही खाणींबरोबर थांबले नव्हते.

आधी शरीरात काय होतं ते पाहा

रात्री एकट्याने बाइकवरून जाताना वळणावर कुत्रं भुंकत मागे लागतं. त्या क्षणी छाती धडधडते, हात हँडलवर आवळतात, श्वास वर चढतो, भूक-तहान काही आठवत नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथींनी ॲड्रेनालिन रक्तात सोडलेलं असतं. पाठोपाठ, काही मिनिटांत, कॉर्टिसोल वाढतं आणि रक्तातली साखर वापरायला मोकळी करतं. लढायला किंवा पळायला शरीर सज्ज. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे मांडलं. ही यंत्रणा चांगलीच आहे, तिच्यामुळेच आपण कुत्र्याच्या पुढे निघतो.

पुढच्या वळणावर कुत्रं थांबतं आणि घरी पोचेपर्यंत छाती शांत होते. पण रात्री साडेनऊला सुपरवायझरचा व्हॉट्सॲप येतो: ‘उद्या लवकर ये, बोलायचंय.’ घंटा तीच वाजते. ॲड्रेनालिन तेच, कॉर्टिसोल तेच. फरक इतकाच की हे कुत्रं वळणावर थांबत नाही. ते आपल्याबरोबर जेवायला बसतं आणि अंथरुणातही येतं.

हान्स सेलये या संशोधकाने १९३६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं, तिथून ताणाच्या अभ्यासाला खरी दिशा मिळाली. त्याने पुढे तीन टप्पे सांगितले: आधी शरीर दचकतं, मग तग धरतं, आणि ताण सुटलाच नाही तर शेवटी थकून बसतं. फसवा आहे तो मधला टप्पा. तग धरून असताना माणूस म्हणतो, "मला सवय झालीय." सवय झालेली नसते. उधारीवर चाललेलं असतं.

थोडा ताण हवाच, हेही खरं. परीक्षा नसती तर आपण पुस्तक उघडलं नसतं. इथे प्रश्न आहे तो न सुटणाऱ्या ताणाचा.

मानेची ताठ झालेली शिर, सकाळी उठल्यावर दुखणारा जबडा (झोपेत दात आवळलेले असतात), पित्त, कामावर निघतानाच पोटात कळ, वस्तू कुठे ठेवली ते विसरणं, मुलाच्या सांडलेल्या दुधावर भडकणं, ही त्याची चिन्हं. मात्र यांतली काही दुसऱ्या आजारांचीही असतात. थायरॉइड बिघडला किंवा रक्त कमी असलं तरी थकवा येतो आणि धडधड होते, म्हणून एकदा तपासणी करून घ्या. आणि छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

पहिली पायरी: सात दिवसांची वही

इथे लोक कंटाळतात आणि थेट ‘उपाय सांगा’ म्हणतात. सांगतो, पण या पायरीशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

खिशात मावेल अशी दहा-वीस रुपयांची वही घ्या. मोबाइल नको, मोबाइल उघडला की आधी मेसेज दिसतात. जेव्हा जेव्हा घंटा वाजेल, तेव्हा एक ओळ लिहा: किती वाजले, काय झालं, शरीरात कुठे जाणवलं, आणि एक ते दहा यांत किती. बस. ‘मी असा का आहे’ वगैरे लिहायचं नाही. लाइटमनने मीटरचं रीडिंग घ्यावं तसं कोरडं लिहायचं.

माझ्या वहीतलं एक पान अजून आहे. सोमवारचं:

सकाळी ७.१०, बोरी पूल, पुढे ट्रक, उशीर होणार. खांदे. ४.
सकाळी ११, ऑडिटची तयारी, फाइल सापडेना. काही विशेष नाही. ३.
दुपारी ३.३०, साहेब केबिनमधून नुसते बाहेर आले. पोट. ६.
रात्री ९.४०, ग्रुपवर मेसेज, माझं नाव नाही. छाती. ८.

मी सगळ्यांना सांगत फिरत होतो की ऑडिटमुळे डोक्याला ताप झालाय. वही म्हणत होती, ऑडिट तीनवर आहे. आठवर होता तो रात्रीचा मेसेज, आणि तोही ज्यात माझं नाव नव्हतं असा. सात दिवसांच्या सव्वीस ओळींपैकी अकरा ओळी रात्री नऊ ते अकराच्या होत्या. आणखी एक गोष्ट दिसली: शनिवार दुपारपासून आकडे वाढत जायचे. कारण पुढच्या आठवड्याचं रोस्टर शनिवारी संध्याकाळी उशिरा लागायचं, आणि रविवारी नातेवाइकांकडे जायचं की नाही हे तोवर ठरत नसायचं. काम जड नव्हतं. कळत नव्हतं, ते जड होतं.

तुमच्या वहीत दुसरंच निघेल. आमच्या विभागातल्या एका मुलीला वाटायचं तिला सासरचा ताण आहे. तिच्या वहीत निम्म्याहून जास्त ओळी बस चुकण्याच्या निघाल्या. साडेपाचची कदंबा गेली की पुढची कधी येईल याचा नेम नाही, मग घरी उशीर, मग स्वयंपाकाला उशीर, आणि मग बोलणी. भांडण दिसायचं स्वयंपाकघरात, सुरू व्हायचं बसस्टँडवर.

दुसरी पायरी: तीन ढीग

आठवड्याने ओळी वाचा आणि प्रत्येकीपुढे खूण करा. मला एकट्याला बदलता येईल. कुणाला तरी विचारून बदलेल. बदलणार नाही.

यामागे अभ्यास आहे. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलं की ताणाशी माणूस दोन तऱ्हांनी भिडतो: एक, प्रश्नावरच काम करून, दोन, त्या प्रश्नाने मनात जे उठतं त्याला सांभाळून. चूक होते ती अदलाबदलीत. जे बदलता येतं त्याच्यासमोर आपण प्राणायाम करत बसतो, आणि जे बदलणार नाही त्याच्यावर रात्रभर डोकं आपटतो.

पहिला ढीग पटकन संपतो. मी ग्रुप रात्री म्यूट केला आणि सुपरवायझरला सांगितलं, खरंच तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन. पुढच्या महिन्याभरात फोन किती आले? दोन. त्या मुलीने एका सहकाऱ्याबरोबर पेट्रोलचे पैसे वाटून घेऊन जायचं ठरवलं.

दुसरा ढीग अवघड, कारण त्यात तोंड उघडावं लागतं. नव्या माणसाला वाटतं, विचारलं तर आळशी समजतील. त्याला माझा एक नियम आहे: तक्रार घेऊन जाऊ नका, निवड घेऊन जा. "सर, फार लोड होतोय" म्हटलं की उत्तर येतं, "सगळ्यांनाच आहे." त्याऐवजी, "सर, आज ही तीन कामं आहेत. दोन संध्याकाळपर्यंत नीट होतील. कुठली दोन आधी करू?" आता निर्णय त्यांच्याकडे गेला. रोस्टरसाठी आम्ही चार जण एकत्र गेलो आणि एवढंच विचारलं की शनिवारऐवजी गुरुवारी लावता येईल काय. तीन आठवडे काही झालं नाही. मग एका गुरुवारी लागलं. नेहमी असं होतं असं मी म्हणणार नाही; एका आधीच्या ठिकाणी असंच विचारल्यावर मला दोन महिने सलग रात्रपाळी मिळाली होती.

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे, हात पुढे पसरलेला पाद्री आणि पुढ्यात कलंडलेली बाई. तो आबे फारिया, १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला आपलाच माणूस. त्या काळी पॅरिसमध्ये समजूत होती की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलंतरी चुंबकीय द्रव्य निघतं. फारियाने सांगितलं, तसलं काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात. ताणातही मनाचा वाटा मोठा आहे: साहेब नुसते केबिनमधून बाहेर आले आणि माझं पोट आवळलं, ते काही साहेबांनी केलं नव्हतं.

पण हेच वाक्य उलटं फिरवून "सगळे मनाचे खेळ, तू जरा पॉझिटिव्ह राहा" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. रात्रपाळीला वरिष्ठ अंगचटीला येत असेल तर तो मनाचा खेळ नाही, गुन्हा आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, त्याहून छोट्या ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ओव्हरटाइम करून घेऊन पैसे न देणं हाही ‘ताण’ नव्हे. अशा ओळींवर श्वासाचे व्यायाम करू नका. तारीख-वेळ लिहून ठेवा, तक्रारीच्या वेळी हीच वही कामाला येते.

तिसरा ढीग उरतो. वडिलांचं आजारपण, फिटायला चार वर्षं असलेलं कर्ज, बोरी पुलावरचे ट्रक. हे बदलणार नाही. इथे शरीराची घंटा दिवसातून एकदा तरी हाताने बंद करावी लागते.

तिसरी पायरी: रोज घंटा बंद करणं

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लांब उच्छ्वास. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगाने चालतं, सोडताना मंदावतं. हे काम व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं. म्हणून सोडणं लांबवायचं. नाकाने चार मोजत आत, सात-आठ मोजत हळू बाहेर, मिनिटाला पाच-सहा श्वास. पाच मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं झालं तर तुम्ही फार जोर लावताय, सैल सोडा.

एकट्याने असं बसायला लाज वाटत असेल तर भजनाला जा. मी गंमत करत नाहीये. अभंगाची ओळ एका दमात ओढून म्हणायची म्हणजे दुसरं काय आहे? छोटा श्वास आत आणि लांबलचक बाहेर, तेही टाळ-मृदंगाच्या लयीत, दहा माणसांबरोबर. आमच्या वाड्यावरच्या भजनातून परतताना खांदे खाली आलेले असतात हे मी कित्येकदा पाहिलंय. वास्कोचा दामोदर सप्ताह चोवीस तास अखंड चालतो. तिथे पहाटे तीनला गाणाऱ्यांचे चेहरे बघावेत.

आवळलेल्या अंगासाठी एडमंड जेकबसन या डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी बसवलेली युक्ती आहे. झोपण्याआधी पायांपासून सुरू करा: पावलं पाचेक सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि पंधरा-वीस सेकंद त्या सैलपणाकडे लक्ष द्या. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी जबडा आणि कपाळ. बरेच जण खांद्यांपर्यंत पोचतच नाहीत, आधीच झोपतात.

कामाचं ठिकाण आणि घर यांच्यामध्ये एक उंबरठा ठेवा. चोडणला राहणारा माझा एक सहकारी रायबंदरच्या फेरीबोटीवर चढला की गाडीवरून उतरतो, मोबाइल खिशात टाकतो आणि कठड्याला टेकून पाणी बघतो. तेवढंच. तुमच्या वाटेत फेरी नसेल तर घराच्या आधीच्या नाक्यावर दहा मिनिटं चाला. घरच्यांनाही सांगून ठेवा. मी आईला म्हटलं होतं, "आल्या आल्या अर्धा तास मला काही विचारू नको, मग तुला हवं ते विचार." ती पहिले चार दिवस रुसली. पाचव्या दिवशी चहा ठेवून आपणहून आत गेली.

चहा, बार आणि झोप

चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास घेतं. म्हणजे संध्याकाळी सहाच्या कडक चहाचा अर्धा भाग रात्री अकरालाही रक्तात असतो. दुपारी तीननंतर बंद करून आठवडाभर बघा.

बारचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे दारू स्वस्त आणि नाक्यानाक्यावर आहे. शिफ्ट सुटल्यावर ‘एकच’ घेऊन घरी जाणारे मी रोज पाहतो, काही वर्षं मीही त्यांच्यात होतो. दारूने झोप लवकर लागते हे खरं. पण ती उतरू लागली की उत्तररात्री झोप तुटते, तीन-साडेतीनला डोळे टक्क उघडे, छाती धडधडत. दुसऱ्या दिवशी चिडचिड जास्त, म्हणून संध्याकाळी पुन्हा एक. वहीत ज्या रात्री घेतली त्या रात्रीपुढे टिंब द्या आणि दुसऱ्या दिवसाचे आकडे बघा. मला तेवढं पुरलं.

रात्रपाळीवाल्यांनी दिवसा झोपताना खोली अगदी काळोखी करावी, जाड पडदा किंवा खिडकीला काळा कागद. आणि शिफ्ट सुटल्यावर डोळे मिटत असतील तर लगेच बाइक काढू नका. रेस्टरूममध्ये वीस मिनिटं पडा, तोंड धुवा, मग निघा.

एवढ्याने भागत नाही तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली: पार गळून जाणं, कामाबद्दल मन उठणं किंवा कडवट होणं, आणि हातून नीट काम न होणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामातून उपजणारी अवस्था म्हणते. म्हणजे कामात बदल झाल्याशिवाय नुसत्या सुट्टीने ती जात नाही. चवथीला पाच दिवस घरी राहून सोमवारी पुन्हा पार्किंगमध्ये पाय अडतात.

उदासी ही वेगळी. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक वेळ मन खिन्न असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मदत घ्या. जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर आजच घ्या. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. बांबोळीला गोमेकॉजवळ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजजवळ, मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. ती सरकारी आहे. "तिथे वेडे जातात" म्हणणारे अजून भेटतील. तिथे झोप न लागणारे, दारू सोडू पाहणारे आणि परीक्षेला घाबरलेलेही जातात.

सगळ्यांनाच गोळ्या लागतात असंही नाही. पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेच्या संशोधकांनी गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी केली. डॉक्टर नसलेल्या, पण खास शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांबरोबर सहा ते आठ बैठका. भर होता तो मन होण्याची वाट न बघता छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करण्यावर. नेहमीच्या उपचाराला या बैठकांची जोड मिळालेले रुग्ण जास्त सुधारले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

पहिल्यांदा ओपीडीत जाल तेव्हा सकाळी लवकर जा, बरोबर जुने कागद, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि ती वही न्या. डॉक्टर विचारतात कधीपासून, दिवसात केव्हा, झोप कशी. समोर बसल्यावर आपल्याला काही आठवत नाही आणि तोंडून तेच येतं, "थोडं टेन्शन आहे." तेव्हा वही उघडून त्यांच्या पुढे ठेवा.